अक्षर तुटले तर दाद कोणाकडे मागायची? लिनक्समधील ‘बग’ शोधण्याची आणि नोंदवण्याची वाट

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील शंकर नगर परिसरात देवनागरी लिपी तीन भाषांसाठी राबते. कार्यालयांतील कामकाज हिंदीत चालते, घरांत आणि बाजारात छत्तीसगढी ऐकू येते, तर नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे आजही लग्नपत्रिका आणि सत्यनारायणाची निमंत्रणे मराठीत छापतात. राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे कार्यालयही याच परिसरात, बीटीआय मैदानावर आहे. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षर जसेच्या तसे उमटणे, ही अशा ठिकाणी रोजच्या कामाची गरज असते.

लिपी एक असली तरी तिच्या सवयी तिन्ही भाषांत सारख्या नाहीत. मराठीतील ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांची हिंदीला गरज पडत नाही. मराठीत मात्र त्यांच्यावाचून अर्थ बदलतो. ‘आचार्यांना बोलावले’ म्हटले की गुरुजन येतात, ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हटले की स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. वऱ्हाड, कऱ्हाड, बऱ्हाणपूर ही गावांची व प्रदेशांची नावे, कऱ्हाडे, गोऱ्हे यांसारखी आडनावे याच अर्ध्या ‘र’वर उभी आहेत. हा ‘र’ पडद्यावर तुटला, ठिपक्यासह वेगळा पडला किंवा त्याचा रफार झाला, तर ती चूक हिंदी वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही आणि इंग्रजी वाचणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

विकत घेतलेल्या प्रणालीत असे घडले, तर ग्राहक निदान कंपनीकडे बोट दाखवू शकतो. लिनक्सचे तसे नाही. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जो गाभा लिहिला, त्याला ‘कर्नेल’ म्हणतात. त्याभोवती जगभरच्या हजारो स्वतंत्र प्रकल्पांचे प्रोग्राम गुंफून डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी वितरणे तयार होतात. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीदेखील डेबियनवर बेतलेली आहे. या सर्व रचनेला एक मालक नाही, त्यामुळे तक्रारीची एकच खिडकीही नाही. त्याऐवजी आहे ती ‘बग रिपोर्ट’ची, म्हणजे दोषनोंदीची पद्धत. ज्याला चूक दिसली त्याने ती लिहून कळवायची, तीही अशी की हजारो मैल दूर असलेल्या, आपली भाषा न येणाऱ्या माणसाला ती स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येईल.

छापखान्याच्या काळातील वाचकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये. ग्रंथाच्या शेवटी जोडलेले शुद्धिपत्र सांगते की अमुक पृष्ठावर, अमुक ओळीत, अशुद्ध असे छापले, शुद्ध असे वाचावे. पृष्ठ आणि ओळ दिल्याशिवाय ‘पुस्तकात चुका आहेत’ एवढेच कळवणाऱ्या पत्राचा मुद्रकाला काहीही उपयोग नसे. दोषनोंदीचेही तेच आहे.

‘बग’ या शब्दाची एक कथा नेहमी सांगितली जाते. १९४७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात एक पतंग अडकला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. पतंग खरा आहे, परंतु शब्द त्याहून जुना आहे. टॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच यंत्रांतील अडचणींसाठी तो वापरला होता.

दोष कोठे आहे, हे ओळखणे

दोषनोंदीच्या आधी निदान येते, आणि देवनागरीच्या बाबतीत ते वाटते तितके सरळ नसते. समजा, शंकर नगरमधील एका घरी उबुंटू असलेल्या संगणकावर ‘वऱ्हाड’ हा शब्द तुटलेला दिसतो. ‘ऱ्’ ठिपक्यासह आणि पाय मोडलेल्या अवस्थेत वेगळा, त्यानंतर ‘हाड’. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ‘लिनक्सला मराठी येत नाही’. प्रत्यक्षात पडद्यावर हा एक शब्द उमटेपर्यंत किमान चार जणांचे हात त्याला लागलेले असतात.

पहिला कीबोर्डचा आराखडा. तो कोणती कळ दाबल्यावर कोणता संकेतांक पाठवायचा ते ठरवतो. दुसरा, ज्या प्रोग्राममध्ये आपण लिहितो तो, उदाहरणार्थ लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स. तिसरा सर्वांत कमी परिचित आणि सर्वांत महत्त्वाचा : अक्षरजुळणीचे इंजिन. ‘र’, हलंत आणि ‘ह’ हे तीन स्वतंत्र संकेत एकत्र आले की कोणता आकार मागवायचा, वेलांटी कोणत्या बाजूला न्यायची, रफार कोणाच्या डोक्यावर चढवायचा, हे ते ठरवते. लिनक्सवर हे काम मुख्यतः ‘हार्फबझ’ नावाचा मुक्त प्रोग्राम करतो. अँड्रॉइड आणि क्रोममध्येही तोच आहे, आणि लिबरऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर तोच स्वीकारला. चौथा हात फॉन्टचा. इंजिनाने मागितलेला आकार त्याच्या पेटीत असेल तरच तो उमटतो.

यांपैकी चूक कोणाची, हे ठरवण्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, एवढाच नियम पाळावा लागतो. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये लावून पाहिला आणि तो नीट दिसला, तर संशय पहिल्या फॉन्टवर जातो. सर्व फॉन्टमध्ये तुटला, पण केवळ एकाच प्रोग्राममध्ये तुटला, तर संशय त्या प्रोग्रामवर. सगळीकडे, सर्व फॉन्टमध्ये तुटला, तर इंजिनाकडे किंवा टंकलेल्या संकेतांकडे पाहावे लागते. संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडून पाहिले तर जुन्या खात्यातील बिघडलेल्या सेटिंगचा प्रश्न निकालात निघतो. पेनड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स सुरू करून तेथेही तोच दोष दिसला, तर तो आपल्या संगणकावरील कोणत्याही जुन्या गाठोड्यामुळे नाही, हे सिद्ध होते. अनेक जण एकदम फॉन्ट बदलतात, अद्यतन करतात, सेटिंग पुसतात आणि संगणक पुन्हा सुरू करतात. मग दोष नाहीसा झाला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आला की सारे पहिल्यापासून सुरू होते.

‘वऱ्हाड’च्या बाबतीत यापुढे आणखी एक पेच आहे, आणि तो मराठीचा खास आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलंत आणि मग ‘ह’ येतो. भारत सरकारच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ शिफ्टसह जे या कळीवर असतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलंत, त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचा डोळ्यांना न दिसणारा जोडसंकेत आणि मग ‘ह’ असा क्रम असतो. दोन्हींचा पडद्यावरील आकार एकच, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द आहेत. मजकुराला एकरूप करण्याचे युनिकोडचे प्रमाण नियमही या दोहोंना एक मानत नाहीत.

परिणाम असा की एकाने पहिल्या रीतीने नोंदवलेले ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर शब्दशः शोध घेणारा प्रोग्राम ‘सापडले नाही’ असे उत्तर देतो. यादी समोर आहे, नाव डोळ्यांना दिसते आहे आणि संगणक ते नाकारतो आहे. त्याहून गंभीर प्रकार दुसऱ्या रीतीतील न दिसणारा जोडसंकेत गळून पडल्यावर होतो. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना ‘अनावश्यक’ अदृश्य चिन्हे साफ करणारे प्रोग्राम तो काढून टाकतात. मग ‘वऱ्हाड’चा ‘वर्हाड’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली सूचना ‘आचार्यांना’ पोहोचते. शब्द शुद्ध दिसतो, शुद्धलेखन तपासणीही त्याला अडवत नाही, अर्थ मात्र बदललेला असतो. असा दोष फॉन्टच्या निर्मात्याकडे नोंदवून काहीच साधत नाही, कारण फॉन्टने आपले काम चोख केलेले असते. ज्या प्रोग्रामने जोडसंकेत गाळला, त्याच्याकडेच तो जायला हवा.

देवनागरीच नव्हे, सर्वच भारतीय लिप्यांची ही जुळणी नाजूक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील एका जोडाक्षराने ॲपलचे आयफोन बंद पडू लागले. ते अक्षर संदेशात आले की तो दाखवू पाहणारा प्रोग्राम कोसळे. कंपनीला ११.२.६ ही दुरुस्तीची आवृत्ती काढावी लागली.

नोंद कशी लिहावी

‘मराठी नीट दिसत नाही, कृपया दुरुस्त करा’ अशी नोंद आली, तर ती वाचणाऱ्याला करण्यासारखे काहीच नसते. उपयोगी नोंदीत तीन गोष्टी असतात : काय केले, काय दिसायला हवे होते, प्रत्यक्षात काय दिसले. यांतील मधली गोष्ट सर्वाधिक वेळा राहून जाते. मराठी माणसाला ‘ऱ्ह’ कसा दिसायला हवा हे इतके स्वाभाविक वाटते की ते सांगण्याची गरज भासत नाही. हार्फबझचे प्रमुख शिल्पकार बेहदाद एस्फहबोद हे मूळचे इराणी. त्यांच्या प्रकल्पाच्या नावातही फारसी शब्दांचा खेळ आहे. मराठी वाचता न येणाऱ्या अशा तज्ज्ञाला बरोबर आकाराचे चित्र दिले, छापील पुस्तकातील नमुना दिला, तर तो ते पाहून काम करू शकतो. नुसत्या ‘चुकीचे आहे’ या शब्दावरून तो पुढे जाऊ शकत नाही.

पडद्याचे छायाचित्र जोडावे, पण त्याच्यासोबत तो शब्द मजकूर म्हणूनही द्यावा. चित्रातून संकेतांक दिसत नाहीत, आणि वर पाहिल्याप्रमाणे दोष बहुधा त्यातच दडलेला असतो. वितरणाचे नाव व आवृत्ती, प्रोग्रामची आवृत्ती, फॉन्टचे नाव हे तपशील लागतातच. उबुंटूमध्ये ‘उबुंटू-बग’ आणि डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ या आज्ञांच्या पुढे पॅकेजचे नाव दिले की ही माहिती आपोआप गोळा होते. प्रणालीची दैनंदिनी पाहायची असेल तर ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा आहे. संगणक मध्येच गोठला असेल तर आदल्या वेळच्या नोंदीही ती दाखवू शकते. मात्र अशा नोंदींत वापरकर्त्याचे नाव, वायफायचे नाव, यंत्राचा अनुक्रमांक असे खासगी तपशील असू शकतात. बहुतेक दोषनोंदी जगाला खुल्या असतात. त्यामुळे पाठवण्याआधी त्या एकदा वाचून पाहणे हिताचे.

एका नोंदीत एकच दोष लिहावा, हा संकेत नवख्यांना अनेकदा जाचक वाटतो. एका पत्रात पाच तक्रारी लिहिण्याची आपल्याकडील सवय त्याला कारण असावी. पण पाच दोष पाच वेगवेगळ्या माणसांकडे जायचे असतात, आणि तीन सुटले व दोन राहिले तर नोंद बंद करायची की उघडी ठेवायची, याचा निवाडा कोणीच करू शकत नाही. तोच दोष आधी कोणी नोंदवला आहे का, हेही पाहावे लागते. आधीची नोंद सापडली तर नवी न करता तिच्यात आपला अनुभव जोडणे योग्य, तोही त्यात नवी माहिती असेल तर.

भाषा इंग्रजी असावी लागते, हा खरा अडथळा आहे. परंतु शुद्ध इंग्रजीची अपेक्षा कोणी करत नाही. तुटक वाक्ये, क्रमवार पायऱ्या आणि एक नमुना फाइल असली तर पुरते. उलट लांबलचक, सजवलेल्या पण पायऱ्या नसलेल्या निवेदनाकडे दुर्लक्ष होते.

दोषाची तीव्रता ठरवतानाही संयम लागतो. डेबियनमध्ये ‘इच्छा’पासून ‘अतिगंभीर’पर्यंत श्रेणी आहेत. सर्वोच्च श्रेणी संबंध नसलेले प्रोग्राम मोडणाऱ्या किंवा मोठ्या प्रमाणावर माहिती नष्ट करणाऱ्या दोषांसाठी राखलेली असते. आपल्या आडनावातील अक्षर तुटणे आपल्यासाठी अतिगंभीरच असते, पण नोंदीत तसे लिहिले की दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला वेळ श्रेणी खाली आणण्यात जातो.

नोंदीचा प्रवास

नोंद झाली म्हणजे काम झाले असे नाही. उबुंटूची नोंद ‘लाँचपॅड’ या व्यवस्थेत ‘नवीन’ म्हणून दाखल होते. दुसऱ्या कोणाला तोच दोष दिसला की ‘पुष्टी’ मिळते. माहिती कमी पडली तर ती ‘अपूर्ण’ ठरते, आणि प्रश्न विचारल्यावर साठ दिवसांत उत्तर आले नाही तर कालबाह्य होऊ शकते. कित्येक खरे दोष या टप्प्यावर मरतात. नोंदवणाऱ्याने तक्रार टाकली आणि पुन्हा वळून पाहिले नाही, तिकडे विचारणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारला होता : कोणता फॉन्ट?

पुष्टी झालेला दोष वितरणाचा नसेल तर मूळ प्रकल्पाकडे सरकतो. उबुंटूची बहुतेक पॅकेजे डेबियनकडून येतात, डेबियनची हार्फबझसारख्या मूळ प्रकल्पांकडून. दुरुस्ती बहुधा उगमापाशी होते आणि मग त्याच वाटेने खाली येते. त्यामुळे दोष ‘सुटला’ असे जाहीर झाल्यावरही तो आपल्या संगणकावर काही महिने दिसत राहू शकतो. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत स्थैर्य जपण्यासाठी लहान दुरुस्त्या सहसा मागाहून घेतल्याच जात नाहीत. हे कटू असले तरी त्यामागे कारण आहे. एक अक्षर दुरुस्त करताना दुसरी पाच मोडली तर लाखो संगणकांवर ती एकदम मोडतील.

अक्षरजुळणीच्या क्षेत्रात यावर एक चांगला उपाय पुण्यात घडला. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘युनिकोड टेक्स्ट रेंडरिंग रेफरन्स सिस्टिम’ हा प्रकल्प चालवला. कोणता संकेतक्रम दिला असता कोणता आकार उमटायला हवा, याचे नमुने त्यात जमवले. त्यातील देवनागरीचे नमुने हार्फबझच्या चाचणीसंचात आहेत. इंजिनात कोणीही बदल केला की हे नमुने आपोआप तपासले जातात, आणि एखादे जोडाक्षर पूर्वीपेक्षा वेगळे उमटले तर बदल करणाऱ्याला लगेच कळते. त्या माणसाला मराठी येण्याची गरज उरत नाही. रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ या फॉन्टकुटुंबाची देखभालही बराच काळ पुण्यातूनच झाली. आधी मराठीसाठी लोहितचा स्वतंत्र फॉन्ट असे. पुढे तो ‘लोहित देवनागरी’त मिसळला आणि भाषेनुसार आकार बदलण्याची सोय त्याच फॉन्टमध्ये आली. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, म्हणून ही सोय लागते. मात्र ती चालण्यासाठी प्रोग्रामने ‘हा मजकूर मराठी आहे’ असे फॉन्टला सांगावे लागते. ते सांगितले नाही तर मराठी मजकुरात हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो. असा दोष दिसला तर फॉन्टला दोष देण्याआधी मजकुराची भाषा मराठी निवडली आहे का, हे पाहावे.

छत्तीसगढीचा अनुभव

नोंदवणारे कोणी नसेल तर काय होते, हे लहान भाषांना अधिक जाणवते. छत्तीसगढीला २००७ मध्ये राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळाला. संगणकावर तिला आणण्याचे काम त्याच सुमारास एका व्यक्तीने जवळजवळ एकहाती केले. विद्युत अभियंता आणि हिंदी लेखक रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना हिंदी जगत रवि रतलामी म्हणून ओळखते, त्यांनी लिनक्सवरील ‘केडीई’ या कार्यपटलाचे छत्तीसगढी भाषांतर उभे केले. या कामाला २००९ चा मंथन पुरस्कार मिळाला. त्याआधी ते मुंबईत व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या ‘इंडलिनक्स’ या प्रकल्पात हिंदीसाठी काम करत होते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

लिनक्सच्या पायाभूत ग्रंथालयात, म्हणजे ‘जीलिबसी’त, आज मराठीप्रमाणेच छत्तीसगढीचीही स्थानिक माहिती आहे. वारांची आणि महिन्यांची नावे, तारीख लिहिण्याची रीत, चलन, अकारविल्हे क्रम असे तपशील त्यात असतात. तेथे एक वार चुकीचा लिहिला गेला तर त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये तो चुकतो, आणि ती चूक केवळ त्या भाषेचा माणूसच ओळखू शकतो. छत्तीसगढीत लिनक्स वापरणारे थोडे, त्यांतील दोष नोंदवणारे त्याहून थोडे. अमेरिकेत किंवा जर्मनीत बसलेल्या विकसकाला नोंदी येत नाहीत याचा अर्थ ‘सारे ठीक आहे’ असाच दिसतो.

भाषांतरातील काही दोष भाषांतरकाराचेही नसतात. इंग्रजीत ‘डिलीटेड’ हा एकच शब्द फाइलला आणि फोल्डरला चालतो, म्हणून प्रोग्राम लिहिणारा तो एकदाच लिहितो आणि दोन्हीकडे जोडतो. मराठीत फाइल ‘हटवली’ जाते आणि फोल्डर ‘हटवला’ जातो. भाषांतरकाराला एकच जागा मिळाल्याने तो काहीही लिहो, एका ठिकाणी वाक्य चुकणारच. येथे नोंद भाषांतर गटाकडे नव्हे, मूळ प्रोग्रामकडे करावी लागते आणि दोन्ही वाक्ये पूर्ण व स्वतंत्र ठेवण्याची मागणी करावी लागते. ती मान्य झाली की हिंदी, छत्तीसगढी आणि लिंगभेद पाळणाऱ्या युरोपीय भाषांचाही प्रश्न सुटतो.

गाभ्यातील दोष आणि सुरक्षेचे दोष

अद्यतनानंतर वायफाय बंद पडणे, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप न जागणे, असे दोष बहुधा कर्नेलमध्ये असतात. तेथील शिस्त अधिक कडक आहे. आधी सर्वांत ताज्या आवृत्तीवर दोष पुन्हा घडवून दाखवावा लागतो. काही कंपन्यांचे बंदिस्त चालकप्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, संगणकावर भरलेले असतील तर कर्नेल स्वतःवर ‘दूषित’ अशी खूण लावतो, आणि ती खूण असलेल्या नोंदीकडे बहुतेक विकसक पाहत नाहीत. ज्याचा स्रोत पाहता येत नाही अशा भागाने काय केले, हे ते सांगू शकत नाहीत. मात्र ‘पूर्वी चालत होते, आता चालत नाही’ या प्रकारच्या दोषांना तेथे अग्रक्रम असतो. वापरकर्त्याचे चालते काम मोडायचे नाही, हा टोरवाल्ड्स यांचा जुना आग्रह आहे.

अशा वेळी सामान्य वापरकर्त्याच्याही हाती एक प्रभावी साधन असते. कर्नेलच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये साधारण १३ ते १५ हजार बदल असतात. त्यातील नेमका दोषी बदल शोधण्यासाठी प्रत्येक बदल तपासावा लागत नाही. मधोमध थांबून पाहायचे : येथे दोष आहे का? असेल तर तो पहिल्या अर्ध्यात, नसेल तर दुसऱ्या. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. सोळा हजार बदल असले तरी १४ चाचण्यांत एकच उरतो. ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा ही विभागणी करून देते. प्रत्येक वेळी कर्नेल बांधून संगणक पुन्हा सुरू करण्याचा संयम मात्र माणसाचा लागतो, आणि एखादा रविवार त्यात सहज जातो. पण ‘अमुक बदलानंतर बिघडले’ असे नेमके लिहिलेली नोंद त्या बदलाच्या लेखकाला टाळता येत नाही.

सुरक्षेशी संबंधित दोष मात्र उघडपणे नोंदवू नयेत. दुरुस्ती होण्याआधी ती माहिती चोरांच्या हाती पडते. प्रत्येक मोठ्या वितरणाकडे त्यासाठी खासगी पत्ता असतो, आणि भारतात ‘सर्ट-इन’ ही सरकारी यंत्रणा अशा सूचना स्वीकारते.

या क्षेत्रातील अलीकडचा सर्वांत मोठा प्रसंग सूक्ष्म निरीक्षणाचे मोल दाखवतो. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आणि पोस्टग्रेस प्रकल्पाचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या ‘अस्थिर’ आवृत्तीवर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे जाणवले. त्यांनी ते ‘होते कधी कधी’ म्हणून सोडून दिले नाही. मागोवा घेत ते ‘एक्सझेड’ या फाइल आक्रसणाऱ्या साध्या प्रोग्रामपर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. प्रकल्पात दीर्घकाळ विश्वास कमावून बसलेल्या एका सहभागी खात्याने ते केले होते. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी ते जाहीर केले तेव्हा या आवृत्त्या बहुतेक स्थिर वितरणांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. आणखी काही आठवडे गेले असते तर जगभरच्या सर्व्हरांना कुलूप असूनही किल्ली दुसऱ्याच्या हाती राहिली असती. त्यांच्या निवेदनात भावनेला जागा नव्हती. आवृत्त्या, मोजलेला वेळ, पायऱ्या आणि पुरावे एवढेच होते.

दोषनोंदीच्या जगात गंमतही घडते. उबुंटूची पहिली क्रमांकाची नोंद तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये स्वतः केली : बाजारपेठेचा मोठा हिस्सा मायक्रोसॉफ्टकडे आहे, हा दोष. मोबाइल फोनने संगणकाचे जग बदलल्यावर २०१३ मध्ये त्यांनीच ती बंद केली. तिला नऊ वर्षे लागली. तुलनेने ‘ऱ्ह’चा दोष भाग्यवान म्हणायचा.

स्थिर आवृत्तीसाठी एखादी दुरुस्ती मान्य झालीच, तर उबुंटूमध्ये ती आधी ‘प्रस्तावित’ या वेगळ्या साठ्यात ठेवली जाते आणि मूळ नोंद करणाऱ्याला निरोप जातो. त्याने ती स्वतःच्या संगणकावर बसवायची, नोंदीत लिहिलेल्या पायऱ्या पुन्हा करायच्या, ‘वऱ्हाड’ टंकून पाहायचे आणि शब्द जुळला की नाही ते कळवायचे. ही पडताळणी झाल्यानंतर, आणि किमान सात दिवस उलटल्यावरच, ते पॅकेज इतर सर्वांच्या संगणकांकडे रवाना होते.